कान नसलेला कप

मंडळी, पडद्यावर हे भांडं आलं तशी मागून कुणीतरी कुजबुजलं, "ही तर वाटी!" दिसते खरी तशी. कान नाही ना. पण हा चहाचा कप आहे, जर्मनीतल्या सॅक्सनीत, मायसेनला १७२५च्या सुमारास केलेला. चीनमधले पेले बिनकानाचे, म्हणून युरोपनेही आधी तसेच केले. मग चटका बसायचा. त्यावर उपाय खालची खोलगट बशी! चहा बशीत ओतायचा आणि फुंकर मारत प्यायचा. आपल्या आजोबांच्या फुर्रकन पिण्याला कुणी नावं ठेवली, तर हे खुशाल सांगा.

सॅक्सनीचा शासक आणि पोलंडचा राजा ऑगस्टस पोर्सेलिनच्या, म्हणजे चिनी मातीच्या भांड्यांच्या, इतका नादी लागला होता, की १७१७मध्ये त्याने प्रशियाला ६०० घोडदळी सैनिक दिले आणि बदल्यात १५१ चिनी भांडी घेतली. त्याच्याच कैदेत सोनं करायला बसवलेल्या ब्योटगर नावाच्या किमयागाराच्या हाताला शेवटी सोन्याऐवजी पोर्सेलिन लागलं, आणि १७१०मध्ये मायसेनला कारखाना सुरू झाला.

पण खरा पेच रंगांचा होता. ही माती जवळजवळ १४०० अंशांवर भाजते. त्या आचेत बहुतेक रंग जळून जातात. निळा कोबाल्ट तेवढा तग धरतो. कपाच्या बुडाशी मायसेनची खूण आहे, दोन एकमेकींवर आडव्या तलवारी, ती झिलईखालच्या, म्हणजे वरच्या काचेसारख्या थराखालच्या, ह्याच निळ्याने काढलेली. बाकीचे रंग १७२०ला व्हिएन्नाहून आलेल्या हेरोल्ट नावाच्या चिताऱ्याने बसवले. धातूंची भस्मं आणि काचेची पूड यांचा लेप भाजलेल्या झिलईवर लावायचा आणि पुन्हा मंद भट्टीत, साधारण ८०० अंशांवर, भाजायचा. कच्चा रंग एक दिसतो, भाजल्यावर दुसराच निघतो. म्हणजे चितारी समोरचं पाहून नव्हे, आठवणीतून रंगवायचा! सोनं तर भट्टीतून मळकट, निस्तेज बाहेर येतं. ते अकीकाच्या गुळगुळीत दगडाने घासलं की मग झळकतं.

आता जवळून बघा. सोनेरी वेलबुट्टीच्या चौकटीत चिनी माणूस बसलाय, समोर किटली, वर एक भलामोठा किडा. माणसापेक्षा किड्याला पंख जास्त ऐटबाज. हेरोल्टने चीन कधी पाहिला नव्हता, त्याच्या हाताखालच्या पोरांनीही नाही. बाजूच्या फुलांना तिकडे 'इंडियन फुलं' म्हणत. हुरळून जाऊ नका! ती चिनी-जपानी भांड्यांवरून उचललेली. पूर्वेचा माल ईस्ट इंडिया कंपन्यांच्या गलबतांतून यायचा, म्हणून सगळंच 'इंडियन'.

मला स्वतःला बाहेरच्या थाटामाटापेक्षा आतला भाग आवडतो. अशा पेल्यांच्या तळाशी बरेचदा नखाएवढं एखादं फूल असतं. चहा भरलेला असेपर्यंत ते दिसत नाही. पुढची स्लाइड लावा. हा बघा, रिकामा.