रीजन्सी फॅनफिक लिहायचीय? आधी बेनेटांच्या घरचा हिशोब मांडा

नमस्कार मंडळी! आज थेट मुद्द्यावर येते, कारण मी या विषयावर एकदा सुरू झाले की थांबत नाही. इंग्लिश कादंबरीकार जेन ऑस्टिनच्या जगात नवीन गोष्ट लिहायची असेल, म्हणजे फॅनफिक (आवडत्या पुस्तकाच्या जगात चाहत्यांनी लिहिलेली गोष्ट), सीक्वेल, एक घटना बदलून पुढची सगळी कथा फिरवायची ती 'व्हेरिएशन', किंवा पात्रं तुमची आणि काळ फक्त रीजन्सीचा, म्हणजे ऑस्टिनच्या वेळच्या इंग्लंडचा, तर सुरुवात कुठून करायची?

बहुतेक जण बॉलपासून, म्हणजे नाचाच्या समारंभापासून करतात. बॉल, बॉनेट, ग्लोव्ह्ज, आणि एक ड्यूक, म्हणजे सगळ्यात वरच्या किताबाचा सरदार. ड्यूक तर पाहिजेच! अहो पण ऑस्टिनच्या सहाही पूर्ण कादंबऱ्यांत एकसुद्धा हिरो ड्यूक नाहीये, 'प्राइड अँड प्रेज्युडिस'चा हिरो डार्सी एवढा श्रीमंत, तोही नुसता मिस्टर डार्सी. ड्यूकांची गर्दी झाली ती नंतरच्या रीजन्सी रोमान्समध्ये, जॉर्जेट हेयरची पहिली रीजन्सी कादंबरी 1935 ची आहे, म्हणजे ऑस्टिन जाऊन शंभराहून जास्त वर्षं झाल्यावरची. तसं लिहायला माझी काही हरकत नाही, मी स्वतः वाचते ते, पण ऑस्टिनसारखं पाहिजे असेल तर आधी प्रत्येक पात्राचं उत्पन्न लिहून काढा. खरंच सांगते. ती गोष्ट पैशावर चालते, प्रेम त्या पैशातून वाट काढतं.

आता 'प्राइड अँड प्रेज्युडिस' घ्या, 1813 ची. बेनेटांची थोरली मुलगी जेन, तिला नेदरफिल्डला, म्हणजे शेजारच्या श्रीमंत बिंगलींच्या घरी जेवायला बोलावणं येतं. ती विचारते, गाडी मिळेल का, तर आई म्हणते नको, घोड्यावर जा, पाऊस येईल असं दिसतंय, मग रात्री तिथेच राहावं लागेल. (काय डोकं आहे बाईचं!) आणि वर घोडे शेतावर लागलेत, म्हणजे ह्यांच्याकडे गाडीसाठी वेगळे घोडे ठेवण्याइतकी ऐपत नाही. मग पाऊस येतो, जेन भिजते, आजारी पडते, एलिझाबेथ तीन मैल चिखल तुडवत बहिणीला बघायला जाते, आणि चालून आलेल्या तिच्या चेहऱ्यावरचं तेज डार्सीच्या नजरेत भरतं. शेतावर लागलेल्या घोड्यांवरून गोष्ट कुठे पोचली बघा.

तर व्हेरिएशन लिहिताना एकच गोष्ट बदला आणि बाकी नियम तसेच राहू द्या. मी एक बदलून दाखवते. समजा एलिझाबेथची मैत्रीण शार्लट, तिचं बेनेटांच्या नात्यातल्या कॉलिन्सशी लग्न झालं आणि दोन महिन्यांत मुलींचे वडील मिस्टर बेनेट गेले. इस्टेटीचं उत्पन्न वर्षाला 2,000 पौंड, पण ती एन्टेल केलेली, मुलींना मिळत नाही, नात्यातल्या पुरुषाला म्हणजे कॉलिन्सला जाते. आई आणि पाच मुलींच्या नावावर सगळे मिळून 5,000 पौंड. कॉलिन्स आधी एलिझाबेथला लग्नाची मागणी घालताना स्वतःच चार टक्क्यांच्या रोख्यांचा उल्लेख करतो, त्या हिशोबाने 5,000 वर वर्षाला 200 झाले. दोन हजारांवरून दोनशे, आणि खाणारी सहा तोंडं.

आता काय काय जाणार? गाडी जाणार, घोडे जाणार, आणि जी आई कॉलिन्सला ठसक्यात सांगत होती की आमच्या मुलींना स्वयंपाकघरात काही काम नसतं, तिच्या मुलींना आता कणीक मळावी लागणार. पत्रंसुद्धा परवडणार नाहीत, कारण 1840 च्या आधी टपालाचे पैसे साधारणपणे पत्र घेणाऱ्याने द्यायचे, अंतरावर आणि कागदांच्या संख्येवर. म्हणजे लंडनहून मामीचं दोन कागदांचं पत्र आलं की ते उघडायच्या आधी पैसे मोजायचे. पण मला खरा सीन कुठला लिहावासा वाटतो माहितीये? शार्लट लॉंगबॉर्नच्या, म्हणजे बेनेटांच्या घराच्या दारात येते, आता ती ह्या घराची मालकीण आहे, आणि समोर एलिझाबेथ किल्ल्यांचा जुडगा घेऊन उभी आहे. दोघी जिवाभावाच्या मैत्रिणी. शार्लटने ह्या घरासाठी लग्न केलेलं नाही, तिला सत्ताविसाव्या वर्षी फक्त एक हक्काचं घर पाहिजे होतं, आणि मिळालं ते हे. पाहुणचार कोणी कोणाचा करायचा? ह्या सीनमध्ये डार्सीची गरजच नाही.

एक छोटी सूचना, हिरो-हिरॉइनला लग्न ठरायच्या आधी एकमेकांना पत्रं लिहायला लावू नका, त्या काळात ते बरं दिसत नसे, लोक सरळ समजायचे की ठरलंय. म्हणून तर डार्सी ते लांबलचक पत्र टपालाने पाठवत नाही, बागेजवळ गाठून हातात देतो.

कॉपीराइटचं पटकन सांगते. ऑस्टिन सगळ्यांची आहे, बिनधास्त वापरा. पण तळ्यातून ओला होऊन आलेला डार्सी पुस्तकात नाहीये, तो 1995 च्या बीबीसी मालिकेतला आहे, तो उचलू नका. आणि हेयर 1974 मध्ये गेली, आपल्याकडे मृत्यूनंतर 60 वर्षं हक्क राहतात, म्हणजे 2034 संपेपर्यंत तिची पात्रं नकोत.

आता माझी आवडती कल्पना. 23 सप्टेंबर 1803 ला आपल्या जालना जिल्ह्यात असईला इंग्रजांचा सेनापती आर्थर वेलस्ली शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी लढला, तोच पुढचा वेलिंग्टन. म्हणजे 1813 मध्ये इंग्लंडमधल्या हॅम्पशायरच्या एखाद्या दिवाणखान्यात चहा पीत बसलेला पस्तिशीचा कर्नल असई बघून आलेला असू शकतो. ओढूनताणून नाही हं हे, ऑस्टिनचा कर्नल ब्रँडनसुद्धा ईस्ट इंडीजमध्ये, म्हणजे हिंदुस्थानाकडे राहून आलाय, तिची सख्खी आत्या 1752 मध्ये लग्न जमवायला जहाजाने हिंदुस्थानात आली होती, आत्याची मुलगी एलायझा कलकत्त्यात जन्मली आणि पुढे ऑस्टिनची भावजय झाली. तर असा कर्नल गावात येतो, चांगलं स्थळ, सगळ्या आया विचारतात वर्षाला किती, आणि हिरॉइन एकटीच विचारते की हे पैसे आले कुठून. ती लग्नाला हो म्हणेल का, मला नाही ठरवता आलेलं. कोणीतरी लिहा, बीटा रीडिंग, म्हणजे छापायच्या आधी वाचून सूचना देणं, मी फुकटात करून देते.