दिवा खाली पाहणारा हवा

श्रोतेहो, नमस्कार. २६ जानेवारीची ग्रामसभा जवळ आली. बऱ्याच गावांत एक मागणी हमखास पुढे येईल: चौकात हायमास्ट, म्हणजे खूप उंच खांबावरचे मोठे दिवे, बसवा. त्याआधी शिरपूर तालुक्यातली, सातपुड्याच्या पायथ्याच्या एका गावची गोष्ट ऐका.

तिथल्या एका आबांचं शेत गावठाणाला लागून आहे. बांधाजवळच्या खांबावर पांढरा झगझगीत एलईडी लागला, आणि त्या खरिपात आबांनी तिथे सोयाबीन पेरली. आश्विनात सगळं शेत पिवळं पडलं, पानं गळाली, काढणीला मजूर आले. खांबासमोरचा एक तुकडा मात्र हिरवागार! कोणी म्हणालं, खत जास्त पडलं. कोणी म्हणालं, बियाण्यात भेसळ. दुकानदाराने फवारणीची बाटली हातात ठेवली. आबांनी ती फवारली, फरक शून्य.

मी पोचलो तेव्हा दिवेलागण होत होती. हिरव्या तुकड्यातलं एक झाड उपटलं. कंबरेला लागेल एवढी वाढ, पानं लुसलुशीत, शेंगा मोजक्या आणि चपट्या. एक शेंग बोटांनी दाबली तर आत दाणाच नाही. तेवढ्यात दिवा लागला. उजेडाचा अर्धगोल शेतात पडला, आणि श्रोतेहो, हिरवा तुकडा बरोबर तेवढाच होता. उजेड जिथे संपत होता तिथेच पिवळी सोयाबीन सुरू होत होती. आबा बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "भाऊ, हिले रातच नही भेटनी!"

अगदी खरं. सोयाबीनला फुलावर यायला लांब, सलग अंधार लागतो. रात्रीची लांबी पानांना कळते. दिवा रात्रभर जळला की झाडाला वाटतं अजून दिवस मोठाच आहे, आणि ते नुसतं वाढत राहतं. तुरीचं आणि ज्वारीच्या बऱ्याच जुन्या वाणांचंही असंच. आबांनी वायरमनला सांगून दिव्याच्या शेताकडच्या बाजूला पत्र्याचा आडोसा लावून घेतला. रस्त्यावरचा उजेड तसाच राहिला. पुढच्या खरिपात तो तुकडा बाकी शेताबरोबरच पिकला.

म्हणून सांगतो, दिवा खाली पाहणारा हवा. उजेड रस्त्यावर पडावा. शेतात, आभाळात, कोणाच्या खिडकीत नव्हे. दुसरं, रंग. खोक्यावर उजेडाचा रंग सांगणारा केल्विनचा आकडा असतो. ६५०० म्हणजे निळसर पांढरा, ३००० म्हणजे पिवळसर. गावाला ३००० किंवा त्याहून कमी पुरे. निळसर उजेड डोळ्यांवर येतो, किडेही जास्त गोळा करतो. पुन्हा सांगतो, ३००० किंवा कमी.

हायमास्टबद्दल माझं मत कडक आहे. दिवा दुप्पट उंच नेला की त्याच्या थेट खाली चौथाई उजेड उरतो. मग मोठा दिवा, मोठं बिल, आणि गल्लीबोळ तरी अंधारातच. त्या पैशात बोळाबोळांत कमी उंचीचे छोटे दिवे लागतात.   आभाळाचंही ऐका. आपल्याकडे उन्हाळ्यात धाब्यावर, म्हणजे घराच्या मातीच्या सपाट छतावर, निजताना पोरांना आजीच सप्तर्षी दाखवायची. आता धाबी गेली, स्लॅब आले, आणि स्लॅबवरही झगझगाट.

विदर्भातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला २०२४ साली देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क, म्हणजे रात्रीचं आभाळ अंधारं राखलेली जागा, म्हणून मान्यता मिळाली. आसपासच्या गावांतले दिवे त्यासाठी खाली पाहणारे केले. गावं काही अंधारात गेली नाहीत.

तेव्हा ठरावात नुसतं "दिवे बसवणे" लिहू नका. खाली पाहणारा दिवा, ३००० केल्विन, शेताकडे आडोसा, आणि दिवसा दिवा आपोआप बंद करणारा टायमर, हे शब्द घाला. ग्रामपंचायत अधिकारी, म्हणजे पूर्वीचे ग्रामसेवक, दरपत्रकं मागवतील, त्यांतही हेच शब्द आहेत का ते सरपंचांनी सही करण्याआधी बघावं.