भो, पॉझिटिव्ह राहा

नमस्कार श्रोतेहो.

गारपिटीनं केळीच्या पानांच्या चिंध्या झाल्या, की जळगाव जिल्ह्यातल्या रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात पहिला सल्ला मिळतो तो हा: ‘भो, पॉझिटिव्ह राहा.’ सांगणाऱ्याचं काही जात नाही. ऐकणाऱ्याचे तास मात्र निघून जातात. गारपिटीचं जादा विमा संरक्षण घेतलं असेल, तर नुकसान ७२ तासांच्या आत विमा कंपनीला कळवावं लागतं. बागेचे फोटो, विम्याची पावती, गट नंबर हाताशी हवा. रडू येत असेल तर खुशाल रडा, पण फोन आधी.

‘छानच होणार’ असं मनात रंगवलं की तसंच घडतं, या समजुतीची तपासणी कधीच झाली आहे. गाब्रिएल ओटिंगेन या जर्मन मानसशास्त्रज्ञांनी थॉमस वॉडन यांच्यासोबत १९९१ मध्ये वजन घटवू पाहणाऱ्या २५ स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. वर्षभरानं पाहिलं, तर ‘मला जमेल’ असा अंदाज बांधणाऱ्यांचं वजन जास्त उतरलं होतं. पण सडपातळ झाल्याची गोड चित्रं मनात रंगवणाऱ्यांचं वजन, तशी न रंगवणाऱ्यांपेक्षा सुमारे ११ किलोनं कमी उतरलं. भरवसा वेगळा आणि मनोराज्य वेगळं. आपल्याकडची व्याख्यानं नेमकी इथं गल्लत करतात. ओटिंगेन यांच्याच २०११ च्या प्रयोगांत कारणही सापडलं. मनोराज्यात रमलेल्यांचा वरचा रक्तदाब खाली आला, अंगातली उमेद सैलावली. ताट वाढण्याआधीच ढेकर!

मग करायचं काय? ओटिंगेन यांचीच रीत कपाशीला लावून पाहू. वही घ्या, दहा मिनिटं निवांत बसा. एका ओळीत इच्छा लिहा: यंदा गुलाबी बोंडअळीला आवर घालायचा. ते साधलं तर सगळ्यांत मोठा फायदा कोणता, तो डोळ्यांपुढे आणा. इथवर सगळेच येतात. पुढचा प्रश्न टाळतात: माझ्यातलं काय आडवं येतं? इथं ‘पाऊस’ किंवा ‘व्यापारी’ लिहू नका. अडचण खरी असेलही, पण तिला ‘जर असं झालं, तर मी हे करीन’ अशी जर-तरची गाठ मारता येत नाही. ‘बोंडअळीचे पतंग पकडायला सापळे टांगतो, पण ते मोजायला जात नाही’ असं लिहा. एकच अडथळा, पाच लिहिले की एकही हलत नाही. मग त्याला गाठ मारा: ‘जर सकाळचा चहा झाला, तर सापळे मोजून आकडा वहीत.’

हे करताना कधी इच्छाच विरते. विहिरीत मार्चनंतर पाणी राहत नाही हे कागदावर आलं, की केळीचा नाद सुटतो. ते अपयश नव्हे, रोपांचे पैसे वाचले.

आता सापळ्यांचा हिशेब. पेरणीनंतर साधारण ४५ दिवसांनी एकरी दोन कामगंध सापळे, म्हणजे मादीसारख्या गंधानं नर पतंगांना ओढणारे सापळे, लावावेत. एका सापळ्यात रोज ८ पतंग, असं सलग तीन रात्री दिसलं, तर फवारणीचं ठरवायचं. सोबत हिरवी बोंडंही फोडून पाहावीत, कारण अळी आत असते, बाहेरून बोंड धडधाकट दिसतं. आणि सापळ्यात एकही पतंग नसला तर लगेच खूश होऊ नका. आतली गंधाची गोळी, म्हणजे ल्यूर, जुनी झाली तरी सापळा रिकामाच राहतो. ती शेवटची कधी बदलली, ती तारीख वहीत शोधा.