कबूल केलं, तो वाचला

सेलमला गेलो होतो, तिथूनच सुरुवात करतो. मुलगी बॉस्टनजवळ राहते. तिच्याकडे मुक्काम असताना एका रविवारी आम्ही रेल्वेनं सेलम गाठलं. स्टेशनबाहेर पडलं की चेटकिणीच चेटकिणी. दुकानांच्या पाट्यांवर, टी-शर्टांवर, एवढंच काय, पोलिसांच्या गाडीवरच्या बोधचिन्हातसुद्धा झाडूवर बसलेली चेटकीण. मला मात्र फाशीची जागा पाहायची होती, १६९२ साली चेटकाच्या आरोपावरून जिथं माणसं लटकवली ती. ती निघाली एका औषधाच्या दुकानाच्या मागे. लोकांच्या परसांना लागून खडकाची एक लहानशी कपार आहे, प्रॉक्टर्स लेज तिचं नाव. शेकडो वर्षं लोक जवळच्या टेकडीचा माथा फाशीची जागा म्हणून दाखवत होते. ही खरी जागा नक्की झाली २०१६ साली. आता तिथं दगडी भिंत आहे, तिच्यावर एकोणीस नावं कोरलेली आहेत, मध्ये एक ओकचं झाड. आम्ही गेलो तेव्हा शेजारच्या घरातली कुणी बाई कचऱ्याचा डबा ओढत रस्त्यावर नेत होती.

एकोणीस. आणि या एकोणिसांपैकी एकालाही जाळलेलं नाही, हे आधीच सांगून टाकतो, कारण व्याख्यानानंतर हमखास तो प्रश्न येतो. जाळणं युरोपात बऱ्याच ठिकाणी होतं. इंग्रजी कायद्यात चेटकाची शिक्षा फाशी, आणि सेलम ज्यात येतं ते मॅसॅच्युसेट्स तेव्हा इंग्रजांची वसाहत. चौदा बायका आणि पाच पुरुष फासावर गेले. विसावा गेला वेगळ्या रीतीनं, त्याच्याकडे येतो. निदान पाच जण तुरुंगात मेले. फाश्या सगळ्या १६९२ या एका वर्षात.

आता ही माणसं कोण होती? प्युरिटन, म्हणजे बायबलाबाहेरचं काही न मानणारे कडवे प्रोटेस्टंट ख्रिस्ती. प्युरिटन म्हटलं की आपल्यापुढे काळे कपडे घातलेला, हसणं विसरलेला माणूस येतो. ते चित्र अगदीच खोटं नाही. १६५९ साली त्यांनी ख्रिसमस साजरा करण्यावर पाच शिलिंग दंड बसवला. बायबलात पंचवीस डिसेंबर कुठे लिहिलाय, असा त्यांचा सवाल. पण त्यांना अडाणी समजू नका. १६३० साली जॉन विन्थ्रॉपच्या नेतृत्वाखाली मोठा ताफा आला, आणि सहाच वर्षांत या लोकांनी हार्वर्ड काढलं. अजून धड रस्ते नव्हते, आणि कॉलेज होतं! १६४७ चा त्यांचा कायदा असा, की पन्नास घरांच्या गावानं मुलांना लिहायवाचायला शिकवणारा मास्तर नेमलाच पाहिजे. का? तर सैतान लोकांना बायबलापासून दूर ठेवायला बघतो, आणि ज्याला वाचता येतं तो त्याच्या हाती सहज लागत नाही. शाळेमागेही सैतानच.

त्यांची नावं पाहा. एका पाद्र्याचं नाव इन्क्रीस, म्हणजे वाढ. न्यायाधीशांतल्या एकाचं नाव वेट स्टिल, म्हणजे थांबून राहा. मुलींची नावं मर्सी, डिलिव्हरन्स. आपल्याकडे मूल जगावं म्हणून दगडू-धोंडू नाव ठेवत, म्हणजे दैवाची नजर चुकवायची. यांचं उलटं. यांना देवाची नजर हवीच होती, चोवीस तास.

त्यांच्या श्रद्धेचं मर्म, आणि मला तर वाटतं सेलमचंही, एका गोष्टीत आहे. देवानं कुणाला तारायचं ते आधीच ठरवून ठेवलंय. माणसाच्या पुण्यकर्मांनी त्यात काडीचा फरक पडत नाही. मग मी तरणार की नाही, हे मला कळायचं कसं? खात्रीनं कळत नाहीच. म्हणून माणूस दिवसरात्र आपलं मन उकरत बसतो, आणि बाहेर खुणा शोधतो. गाय मेली, मूल आजारी पडलं, वीज कोसळली, प्रत्येक गोष्टीत देवाचं काहीतरी म्हणणं. चर्चचं पूर्ण सभासदत्व हवं असेल तर मंडळीसमोर आपली कहाणी सांगायची: मी पापात कसा बुडालो होतो, माझं मन कसं मोडलं, देवाची कृपा मला कशी जाणवली. मंडळी ऐकणार आणि ठरवणार. म्हणजे चारचौघांत उभं राहून आतलं काळंबेरं बोलून दाखवणं हा या समाजाचा मुख्य संस्कार होता. हा कबुलीचा संस्कार ध्यानात ठेवा. पुढचं सगळं त्याच्यावरच फिरतं.

चेटकाचा कायदा जुनाच होता. १६४१ च्या त्यांच्या कायद्यात देहदंडाच्या गुन्ह्यांत चेटूक आहे, आणि आधाराला बायबलाच्या निर्गम या पुस्तकातलं वचन, चेटकिणीला जगू देऊ नये हे. १६४७ साली कनेक्टिकटमध्ये अ‍ॅल्स यंग नावाची बाई फासावर गेली, पुढच्या वर्षी बॉस्टनमध्ये मार्गारेट जोन्स. पण अशी प्रकरणं एकेकटी होत, पुरावा कच्चा म्हणून कित्येक सुटतही. मग १६९२ साली काय बिघडलं?

बरंच काही. वसाहतीची सनद लंडनहून १६८४ साली रद्द झाली होती आणि नवी घेऊन येणारा गव्हर्नर अजून वाटेवर होता. म्हणजे राज्य कशाच्या आधारावर चाललंय हे कुणालाच नीट सांगता येत नव्हतं. उत्तरेला मेनमध्ये फ्रेंच आणि तिथले मूळ रहिवासी वाबनाकी यांच्याशी लढाई पेटलेली. वस्त्या जळत होत्या, पोरकी मुलं सेलमच्या भागात घरकामाला येत होती. पुढे आरोप करणाऱ्या मुलींतली मर्सी लुईस ही त्यातलीच. आणि सेलम व्हिलेज, म्हणजे आजचं डॅनव्हर्स, हे भांडकुदळ गाव. पाद्री सॅम्युएल पॅरिस १६८९ ला आला आणि पगारावरून, राहत्या घराच्या मालकीवरून, सरपणावरून गावाशी त्याचं वाजलं. १६९१ च्या शरदात गावसमितीनं त्याच्या पगारासाठी कर गोळा करायलाच नकार दिला. हिवाळ्यात लाकूडफाटा नाही, आणि पाद्री व्यासपीठावरून सांगतोय की सैतान आपल्यावर चालून आलाय.

जानेवारीत त्याच्याच घरात, त्याची नऊ वर्षांची मुलगी बेटी आणि अकरा वर्षांची अ‍ॅबिगेल विल्यम्स, या दोघींना झटके यायला लागले. अंग वाकडं होणं, किंचाळणं, कुणीतरी चिमटे घेतंय म्हणून ओरडणं. वैद्यानं बाधा सांगितली. शेजारच्या मेरी सिब्लीनं उतारा सुचवला: राय नावाच्या धान्याच्या पिठात मुलींचं मूत्र कालवून भाकर भाजायची आणि कुत्र्याला घालायची, म्हणजे करणाऱ्याचं नाव कळतं. पॅरिसला हे समजलं तेव्हा तो भडकला. सैतानाविरुद्ध सैतानाचीच मदत घेतलीत, म्हणून त्यानं सिब्लीबाईला भर चर्चमध्ये कबुली द्यायला लावली. तिनं दिली, मंडळीनं माफ केलं. बघा, कबुलीचं यंत्र ठीक चाललं होतं.

ही भाकर भाजली होती टिटूबानं. टिटूबा पॅरिसची गुलाम. तिला आफ्रिकी समजणं ही पुढच्या काळातली भर. कागदोपत्री ती सगळीकडे इंडियन, म्हणजे अमेरिकेच्या मूळ रहिवाशांपैकी आहे. २९ फेब्रुवारीला तिच्यावर आणि आणखी दोघींवर वॉरंट निघालं. एक भीक मागत फिरणारी सारा गुड, दुसरी आजारी सारा ऑस्बोर्न. दोघी नाही म्हणाल्या. टिटूबा आधी नाही म्हणाली, आणि मग बोलायला लागली. बॉस्टनचा एक उंच माणूस, पांढरे केस, काळे कपडे. पिवळा पक्षी. काठीवर बसून केलेला प्रवास. आणि एक पुस्तक, ज्यात नऊ खुणा होत्या. मालकानं मारून हे वदवलं, असं तिनं नंतर सांगितल्याची नोंद आहे. पण ते नऊ! पकडलेल्या तीन. बाकीचे कोण, या प्रश्नानं गावाची झोप उडाली.

आता पुराव्याचं. मुली म्हणायच्या, या बाईची छाया आम्हाला छळते. बाई स्वतः त्या वेळी घरात झोपली होती, असं दहा जणांनी सांगितलं तरी उपयोग नाही, कारण आरोप छायेवर आहे. याला त्या काळात स्पेक्ट्रल एव्हिडन्स म्हणत. मुख्य न्यायाधीश विल्यम स्टॉटनचं मत असं, की देव निरपराध माणसाचं रूप सैतानाला वापरूच देणार नाही. हे एकदा मान्य केलं की बचाव संपतो. मे महिन्यात खास न्यायालय नेमलं गेलं, १० जूनला ब्रिजेट बिशप फासावर गेली.

पण मला ज्याच्यावर थांबायचंय ते वेगळं. हळूहळू लोकांच्या लक्षात आलं, की जो कबूल करतो त्याला फाशी देत नाहीत. आधी, त्याचा साक्षीदार म्हणून उपयोग. आणि मुळात, कबूल करणारा म्हणजे पश्चात्ताप झालेला, मंडळीत परत येऊ शकणारा माणूस. सुमारे पन्नास जणांनी कबुली दिली. त्यातल्या काहींना शिक्षा सुनावली गेली, कुणी तुरुंगात खंगून मेलं. पण कबुलीवर कायम राहिलेला एकही माणूस फासावर गेला नाही. अ‍ॅन्डोव्हर या जवळच्या गावच्या सॅम्युएल वॉर्डवेलनं कबुली दिली, मग मागे घेतली, आणि २२ सप्टेंबरला फासावर गेला. उलट डॉर्कस होअरनं फाशीच्या आदल्या दिवशी कबुली दिली, पाद्र्यांनी तिच्यासाठी अर्ज केला, आणि ती वाचली. अ‍ॅन्डोव्हरच्याच सहा बायकांनी पुढे लिहून दिलंय, की आम्हाला बड्या लोकांनी सांगितलं: तुम्ही चेटकिणी आहात, हे आम्हाला ठाऊक आहे, तुम्हालाही ठाऊक आहे, आणि तुम्हाला ठाऊक आहे हेही आम्हाला ठाऊक आहे. शेवटी त्यांचा स्वतःवरचा विश्वास उडाला. रोज आपलं मन उकरायची सवय लागलेल्या बाईला, कुठेतरी खोल आपण केलंही असेल, असं वाटायला किती वेळ लागतो?

मग नाकारणाऱ्यांनी का नाकारलं? एकदा हो म्हटलं असतं तर जीव वाचला असता. त्यांनी नाकारलं कारण देवाच्या नावानं खोटं बोललं तर आत्मा कायमचा गेला. म्हणजे जे फासावर लटकले ते त्या गावातले सगळ्यात पक्के प्युरिटन होते.

रिबेका नर्स घ्या. एकाहत्तर वर्षांची, कानानं कमी ऐकू येणारी, चर्चची सभासद, गावात कुणाचं वाईट न चिंतणारी. ज्युरीनं तिला आधी निर्दोष ठरवलं! मुलींनी कल्लोळ केला. स्टॉटननं ज्युरीला आठवण करून दिली, की कबुली दिलेल्या एका बाईला बघून ही म्हणाली होती, ती आमच्यातलीच. आमच्यातली म्हणजे काय, असं तिला विचारलं. ती गप्प. ज्युरीनं निकाल फिरवला. नंतर तिनं कळवलं, की आमच्यातली म्हणजे आमच्यासारखी कैदी, एवढंच. प्रश्न विचारला तो मला ऐकूच आला नाही. १९ जुलैला तिला फाशी दिलं. तिची बहीण मेरी ईस्टी सप्टेंबरात गेली. तिचा अर्ज आजही वाचायला मिळतो. ती म्हणते, मला मरायचंय हे मला माहीत आहे, माझ्या जिवासाठी मी मागत नाही; पण आणखी निरपराध रक्त सांडू नका, आणि कबुली देणाऱ्यांना एकेकटं ठेवून पुन्हा तपासा. शेवटची सूचना बघा. कोर्टाला तपासाची पद्धत शिकवणारी ही बाई फाशीच्या कोठडीत बसलेली होती.

विसावा माणूस जाईल्स कोरी. ऐंशीच्या घरातला शेतकरी. हे कोर्ट मला मान्य, असं म्हणायला तो तयार झाला नाही. ते म्हटल्याशिवाय खटला चालत नाही. म्हणून त्याला आडवा करून छातीवर दगड रचत गेले, तो मरेपर्यंत. अजून वजन ठेवा, असं तो म्हणाला ही गोष्ट सगळे सांगतात. कबुलीच्या कारखान्यातून तो असा निसटला.

आणि सारा गुडची मुलगी डॉरथी. चार-पाच वर्षांची. तिनंही कबुली दिली: आईनं मला साप दिलाय, तो माझ्या बोटातून रक्त पितो. बोट दाखवलं, त्यावर लाल ठिपका. आठ-नऊ महिने तिला बेड्या घालून ठेवलं. पुढे १७१० साली बापानं भरपाईच्या अर्जात लिहिलं, की पोरगी तेव्हापासून भानावर नाही. तुरुंगातल्या जेवणाचे, बेड्यांचे पैसे कैद्यांकडूनच घेत, हेही जाता जाता सांगतो. लिडिया डस्टिन निर्दोष सुटली, पण तेवढे पैसे भरता आले नाहीत म्हणून तुरुंगातच मेली.

राय या धान्यावरच्या बुरशीनं मुलींना भ्रम झाले, असा एक सिद्धान्त १९७६ पासून फिरतोय. असेलही काही, पण बुरशी वॉरंट काढत नाही.

हे थांबलं ते ऑक्टोबरात. पाद्री इन्क्रीस मेथरनं लिहिलं, की एका निरपराधाला दोषी ठरवण्यापेक्षा दहा संशयित चेटकिणी सुटलेल्या बऱ्या. गव्हर्नर फिप्सनं न्यायालय बरखास्त केलं. नव्या न्यायालयात छायेचा पुरावा बंद झाला, आणि खटले पटापट कोसळले.

न्यायाधीशांपैकी एक, सॅम्युएल सूअल. जानेवारी १६९७ मध्ये उपासाचा दिवस जाहीर झाला. त्या दिवशी बॉस्टनच्या चर्चमध्ये तो आपल्या जागी उभा राहिला, आणि पाद्र्यानं त्याची चिठ्ठी वाचून दाखवली: दोष आणि लाज मी माझ्यावर घेतो. तोच संस्कार, तीच मंडळी, तसंच उभं राहणं. आरोप करणाऱ्या मुलींतली अ‍ॅन पटनमही १७०६ साली अशीच उभी राहिली. स्टॉटननं मात्र कधीच काही कबूल केलं नाही.

कबूल करणाऱ्यांतली एक एलिझाबेथ जॉन्सन, अ‍ॅन्डोव्हरची, बाविशीतली. तिचा पाद्री आजोबाच म्हणाला होता, पोरगी जरा साधीच आहे. १६९३ च्या जानेवारीत तिला शिक्षा झाली, फिप्सनं ती थांबवली. १७११ साली बऱ्याच जणांची नावं धुऊन निघाली, भरपाई मिळाली, तिचं नाव यादीत आलंच नाही. १७१२ मध्ये तिनं स्वतः अर्ज केला. तिचं लग्न झालं नाही, मूलबाळ नाही, म्हणून तिच्या मागे पाठपुरावा करणारं कुणी उरलं नाही. नॉर्थ अ‍ॅन्डोव्हरच्या शाळेतल्या आठवीच्या मुलांनी नागरिकशास्त्राच्या तासाला तिचं प्रकरण हातात घेतलं, आमदारीणबाईंना पत्रं लिहिली, आणि २०२२ च्या राज्याच्या अंदाजपत्रकात एक कलम घालून तिला निर्दोष ठरवलं. अर्ज निकाली निघायला ३१० वर्षं लागली.