चांगला हेडफोन घेतलाय, आता ॲम्पवर किती खर्च करायचा?

नमस्कार मंडळी. आज थेट मुद्द्यावर येतो. मला सगळ्यात जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्न असा असतो: "दादा, सेनहायझरचा एचडी ६५० हेडफोन घेतोय, त्याला ॲम्प (म्हणजे हेडफोनला ताकद देणारा ॲम्प्लिफायर) कुठला लागेल?" आणि त्याला जे ठरलेलं उत्तर मिळतं, ते मला मनापासून खटकतं. "हेडफोन जेवढ्याचा, तेवढ्याचाच ॲम्प घे, नाहीतर हेडफोन वाया गेला." हे ऐकून नुकतीच नोकरी लागलेली पोरं वर्षभर पैसे साठवत बसतात, आणि तोवर चांगला हेडफोन खोक्यात पडून राहतो. म्हणून आज सांगतो, किमतीला किंमत जुळवू नका. हेडफोनला किती व्होल्ट आणि किती करंट लागतो ते काढा, आणि तेवढं देणारी स्वस्तातली स्वस्त, स्वच्छ वस्तू घ्या. हिशोब दहावीच्या विज्ञानाचाच आहे.

(पडद्यावर: एचडी ६५० – ३०० ओहम – १ व्होल्टला १०३ डेसिबल)

हेडफोनच्या खोक्यावर दोन आकडे बघा. एक ओहम, म्हणजे इम्पीडन्स, हेडफोन करंटला किती अडवतो ते. दुसरा डेसिबल, म्हणजे सेन्सिटिव्हिटी, ठरावीक विजेवर तो किती जोरात वाजतो ते. लोक पहिलाच वाचतात. ३०० ओहम दिसलं की घाबरतात, ३२ दिसलं की निश्चिंत होतात. खरं महत्त्व दुसऱ्याला आहे, आणि तिथे एक फसगत आहे: काही कंपन्या तो आकडा १ मिलिवॅटला देतात, काही १ व्होल्टला. ३२ ओहमच्या हेडफोनमध्ये या दोन पद्धतींत साधारण १५ डेसिबलचा फरक पडतो. म्हणजे आकडा कशाला दिलाय हे पाहिल्याशिवाय दोन हेडफोनची तुलना करूच नका.

आता लागतं किती? आरामात ऐकताना सरासरी आवाज ७५ ते ८० डेसिबलच्या आसपास असतो. जागतिक आरोग्य संघटना सांगते की ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास ही सुरक्षित मर्यादा, त्यामुळे याच्या वर रोज जाऊ नका, कान एकदाच मिळतात. पण संगीतात क्षणभराची उसळी सरासरीच्या २० डेसिबल वर सहज जाते. तबल्याची थाप घ्या, ढोलाचा टोल घ्या. त्यात इक्वलायझर (वेगवेगळे स्वर कमी-जास्त करणारं ॲप) वापरायचा असेल तर त्याला जागा हवी. म्हणून मी ११० डेसिबलची उसळी निघेल का, एवढाच निकष धरतो. तेवढ्या जोरात ऐकायचं नसतं, ती हाताशी ठेवलेली शिल्लक असते.

मांडू या. एचडी ६५० ला १ व्होल्टला १०३ मिळतात. ११० साठी आणखी ७ हवेत, म्हणजे साधारण सव्वादोन व्होल्ट. ३०० ओहममधून तेव्हा जातो जेमतेम साडेसात मिलिअँपिअर करंट. पॉवर १७ मिलिवॅटच्या आत. हा तो "अवघड" हेडफोन! त्याला व्होल्टेज हवं, करंट नगण्य.

(पडद्यावर: हायफायमॅन एचई-६ – ५० ओहम – १ मिलिवॅटला ८३.५ डेसिबल)

आता दुसरं टोक बघा. हायफायमॅनचा एचई-६. फक्त ५० ओहम. पण तेच ११० डेसिबल काढायला याला जवळजवळ ४५० मिलिवॅट लागतात. पावणेपाच व्होल्ट, आणि ९५ मिलिअँपिअर. एचडी ६५० च्या २५ पटींहून जास्त पॉवर, ओहम मात्र सहा पट कमी. हा सेकंडहँडमध्ये परवडतोय म्हणून कुणी घेतला, आणि फोनला लावून "बेसच नाही हो यात" म्हणाला, तर दोष हेडफोनचा नाही. याला खरंच टेबलावरचा तगडा ॲम्प हवा, आणि तो खर्च हेडफोनच्या किमतीतच धरायला हवा. त्याच कंपनीचा एचई४००एसई मात्र ३२ ओहम आणि ९१ डेसिबलचा आहे, तो पुष्कळ सोपा. दोन्ही प्लेनर (सपाट पातळ पडदा हलवून आवाज काढणारे), नाव एका घराण्याचं, भूक वेगळी.

आता सोर्सकडे, म्हणजे आवाज जिथून येतो त्याकडे येऊ. ॲपलचा छोटा टाइप-सी डोंगल, फोनला हेडफोनचा जॅक जोडून देणारी ती छोटी वायर, पाहिलाय ना? अमेरिकेत ९ डॉलरला मिळतो. त्याचं अमेरिकी मॉडेल पूर्ण आवाजाला साधारण १ व्होल्ट देतं आणि त्याचा आउटपुट इम्पीडन्स (त्याच्या स्वतःच्या आतला अडथळा, त्याबद्दल पुढे बोलू) जवळपास १ ओहम आहे. युरोपच्या मॉडेलला तिथल्या नियमांमुळे अर्धंच व्होल्टेज मिळतं, त्यामुळे बाहेरून कुणी आणून देणार असेल तर कुठून आणतोय ते विचारा. १ व्होल्टमध्ये एचडी ६५० ची १०३ डेसिबलची उसळी निघते. आजकालची सिनेमाची गाणी, पॉप, पॉडकास्ट यांना ते भरपूर आहे. अडतं कुठे? जुन्या मैफलींच्या रेकॉर्डिंगमध्ये. ती बऱ्याचदा हळू आवाजात रेकॉर्ड झालेली असतात, आणि विलंबित आलापात गायक अगदी खाली जातो. तिथे डोंगल पूर्ण उघडूनही "अजून थोडं" असं वाटतं. शास्त्रीय संगीत ऐकणाऱ्यांना म्हणूनच मी दोन व्होल्ट किंवा जास्त देणारा डोंगल सुचवतो. असे डोंगल आज बऱ्याच कंपन्यांचे आहेत. स्पेसिफिकेशनमध्ये कमाल व्होल्टेज शोधा. दिलेलं नसेल तर पॉवरच्या आकड्यावरून काढा. मिलिवॅटला हजाराने भागून वॅट करा, त्याला ओहमने गुणा, वर्गमूळ काढा. ३०० ओहमला ३० मिलिवॅट म्हणजे ३ व्होल्ट. झालं.

एक अडचण आधीच सांगतो. काही अँड्रॉइड फोनवर ॲपलचा डोंगल लावला की आवाज फारच कमी येतो. डोंगल बिघडलेला नसतो. फोन त्याचा आतला व्हॉल्यूम पूर्ण उघडत नाही. यूएसबी ऑडिओला थेट बोलणारं प्लेअर ॲप वापरलं तर तो उघडता येतो, पण मग यूट्यूबला त्याचा उपयोग नाही. अँड्रॉइडवाल्यांनी सरळ दुसरा डोंगल घ्यावा, असं माझं मत.

डॅकबद्दल, म्हणजे डिजिटल फाइलचं विजेच्या सिग्नलमध्ये रूपांतर करणाऱ्या भागाबद्दल, मी जास्त वेळ घालवणार नाही. १६ बिटच्या सीडीची डायनॅमिक रेंजच, म्हणजे सगळ्यात मोठ्या आणि सगळ्यात हळू आवाजातलं अंतर, ९६ डेसिबल आहे. आजच्या चांगल्या डोंगलचा स्वतःचा गोंगाट तुमच्या खोलीतल्या पंख्याच्या आवाजाखाली कधीच दबून जातो. बजेट असताना डॅकवर शेवटी पैसे घाला.

आता ज्या आकड्याकडे दुकानदारही बघत नाहीत तो. ॲम्पचा आउटपुट इम्पीडन्स. साधा नियम: तो हेडफोनच्या इम्पीडन्सच्या एक-अष्टमांशाहून कमी हवा. ३२ ओहमच्या हेडफोनला ४ ओहमच्या आत. कारण हेडफोनचा इम्पीडन्स सगळ्या स्वरांना सारखा नसतो. एचडी ६५० खालच्या स्वरांना ३०० वरून ५०० च्या जवळ जातो. ॲम्पचा आउटपुट १२० ओहम असेल, काही व्हॉल्व्हच्या ॲम्पमध्ये असतो, तर खालचा भाग साधारण १ डेसिबलने उचलला जातो. तो भरीवपणा लोकांना आवडतो, आणि आवडला तर बेलाशक घ्या, त्यात चूक काही नाही. पण तो "उलगडलेला तपशील" नव्हे, ती टोनची किंचित बदललेली चव आहे. त्याच ॲम्पला ३२ ओहमचा प्लेनर लावा: व्होल्टेजचा जवळपास चार-पंचमांश भाग ॲम्पच्या आतच उरतो. आणि अनेक ड्रायव्हर (आवाज काढणारे छोटे भाग) असलेले, कानात घालायचे इन-इअर लावाल तर सगळा समतोलच बिघडेल.

स्वच्छ ॲम्प महागच असतो हा समज २०११ मध्येच मोडला होता. एनडब्ल्यूएव्हीगाय या टोपणनावाने लिहिणाऱ्या एका अभियंत्याने ओ२ नावाच्या ॲम्पचं डिझाइन सगळ्यांसाठी खुलं केलं. बाजारात सहज मिळणाऱ्या चिप, ९ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या, आणि प्रत्येक दाव्यामागे मोजमाप. २०१२ नंतर तो माणूस गप्प झाला, त्याचं खरं नाव आजही जाहीर नाही. पण त्याच्यानंतर स्वस्त ॲम्प बनवणाऱ्यांना मोजमापाचे आकडे दाखवणं भाग पडलं. तुम्ही आम्ही आज जे थोडक्या पैशांत मिळवतो, त्यात या अज्ञात माणसाचा मोठा वाटा आहे, आणि मला त्याच्याबद्दल फार आदर आहे.

टेबलावरचा ॲम्प घेतलाच, तर त्याचा गेन, म्हणजे आत आलेलं व्होल्टेज तो किती पट करतो ते, बघा. डोंगल १ व्होल्ट देतो आणि ॲम्प लो-गेनवर त्याला एक पटच ठेवतो. मग बाहेर किती? १ व्होल्टच! नवा ॲम्प घेऊन आवाज तेवढाच राहिला अशी तक्रार येते ती इथून. हाय-गेन लावा, आणि फोनचा व्हॉल्यूम पूर्ण उघडून आवाज ॲम्पच्या नॉबने कमी-जास्त करा. उलट, संवेदनशील इन-इअरला लो-गेनच ठेवा, नाहीतर शांत जागेत सूं-सूं ऐकू येईल.

काही डोंगल आणि ॲम्पना ४.४ मिलिमीटरचा वेगळा जॅक, बॅलन्स्ड आउटपुट, असतो. त्याला बहुतेक वेळा दुप्पट व्होल्टेज मिळतं, म्हणजे ६ डेसिबल. साध्या जॅकचं व्होल्टेज कमी पडत असेल तरच त्याच्या वेगळ्या केबलवर पैसे खर्च करा.

आणि दोन ॲम्पची तुलना करणार असाल, तर मल्टिमीटर घेऊन बसा. ५० हर्ट्झचा टोन वाजवा, जॅकवरचं एसी व्होल्टेज दोन्हीकडे सारखं करा, मग ऐका. अर्ध्या डेसिबलने जोरात वाजणारी वस्तू "जास्त मोकळी" वाटते, आणि त्या वाटण्यावर हजारो रुपये जातात. तानपुऱ्याच्या जोडाची आस किती वेळ ऐकू येते, डग्ग्याचा घुमार कुठे थांबतो, यावर कान ठेवा. मित्राला वायर बदलायला सांगा, तुम्ही पाठ करून बसा.

(पडद्यावर: समजा बजेट ४०,००० रुपये)

तुमच्याकडे चाळीस हजार असतील तर मी काय करेन? तीस-बत्तीस हजारांपर्यंत हेडफोन, गरज पडली तर सेकंडहँड. एचडी ६०० आणि ६५० यासाठी फार चांगले, कारण कानाच्या गाद्या, केबल, हेडबँडचा फोम, सगळं वेगळं मिळतं आणि घरी बदलता येतं. जुन्या जोडीच्या गाद्या चपट्या झाल्या असतील तर आधी त्या बदला. त्याने आवाजात जेवढा फरक पडेल तेवढा कुठल्याही स्वच्छ ॲम्पने पडणार नाही. मग दोन व्होल्टचा डोंगल. इक्वलायझरसाठी विंडोजवर इक्वलायझर एपीओ फुकट आहे, अँड्रॉइडवर वेव्हलेट आहे, आणि ऑटोइक्यू प्रकल्पात शेकडो हेडफोनच्या तयार इक्वलायझर सेटिंग आहेत. जिथे ६ डेसिबल वाढवाल, तिथे इक्वलायझरमधला प्रीॲम्प (एकूण आवाजाची पातळी) उणे ६ करायला विसरू नका, नाहीतर आवाज फाटेल. उरलेले पैसे खात्यात राहू द्या, आणि महिनाभर ऐका. व्हॉल्यूम रोज शेवटाला टेकत असेल, तर त्या दिवशी ॲम्प बघायला सुरुवात करा.