शिडी, पाइप आणि तैनाती फौज

(अमेरिकेतल्या मराठी मंडळाच्या कोजागरी मेळाव्यातील भाषण, थोडं संपादित)

नमस्कार मंडळी. दूध आटेपर्यंतच वेळ आहे असं अध्यक्षांनी बजावलंय, त्यामुळे प्रास्ताविक गाळतो.

मी सदाशिव पेठेतला. आमच्या वाड्यात शेजाऱ्याला शिडी दिली तरी आजी दारामागे खडूने तारीख लिहून ठेवायची. त्यामुळे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांचं 17 डिसेंबर 1940 चं ते प्रसिद्ध बोलणं वाचलं की मला हसू येतं. शेजाऱ्याचं घर पेटलं तर मी त्याला बागेतला पाइप देईन. त्याचे 15 डॉलर नकोत, आग विझल्यावर पाइप परत मिळाला की झालं, असा त्याचा मथितार्थ. पुढच्या मार्चमध्ये लेंड-लीज, म्हणजे मित्रांना युद्धसामग्री उसनी देण्याचा, कायदा झाला. पण त्याआधी, सप्टेंबरातच, अमेरिकेने ब्रिटनला 50 जुन्या विनाशिका (युद्धनौका) देऊन त्यांच्या कॅरिबियन बेटांवर तळांसाठी 99 वर्षांचा भाडेपट्टा लिहून घेतला होता. म्हणजे खडू तिथेही होता.

आपल्याला हे नवीन नाही. 25 ऑक्टोबर 1802 ला हडपसरजवळ यशवंतराव होळकरांनी पेशवे आणि शिंद्यांच्या फौजेचा धुव्वा उडवला. दुसरा बाजीराव पळाला तो वसईला. 31 डिसेंबरला तह. इंग्रज मदत देणार, म्हणजे ईस्ट इंडिया कंपनीचं किमान 6,000 पायदळ पेशव्याने कायमचं बाळगायचं, हीच तैनाती फौज. त्याच्या खर्चासाठी वर्षाला 26 लाख उत्पन्नाचा मुलूख तोडून द्यायचा. आणि कंपनीला विचारल्याशिवाय कोणाशी बोलणी करायची नाहीत. शेवटचं कलम खरं. फ्रेंचांना हिंदुस्थानात पाय ठेवू द्यायचा नाही ही कंपनीचा गव्हर्नर जनरल वेलस्लीची काळजी, आणि तिचा खर्च पुण्याच्या तिजोरीतून! मे 1803 मध्ये बाजीराव परत गादीवर बसला. 5 नोव्हेंबर 1817 ला खडकीला लढाई झाली ती त्याच कंपनीशी. पर्वतीवर गेलात तर ती खिडकी दाखवतात, जिथून त्याने म्हणे लढाई पाहिली. मी तिथे उभा राहून खडकीकडे पाहिलंय. आता इमारतीच दिसतात.

1962 मध्ये चीनपुढे आपण अडचणीत होतो. अमेरिकेने आणि ब्रिटनने शस्त्रं पाठवली, आणि पाठोपाठ त्यांचे दूत हॅरिमन आणि सँडिस आले: काश्मीरवर पाकिस्तानशी बोला. आपले स्वर्णसिंग आणि पाकिस्तानचे भुत्तो यांच्यात बोलण्यांच्या सहा फेऱ्या झाल्या, हाती काही लागलं नाही.

आता युक्रेन, कारण टॅक्स तुमचा जातो. डॉलरच्या थप्प्या विमानात भरून कीव्हला जातात असं पुण्यातही पुष्कळांना वाटतं. शस्त्रांचं तसं नाही. त्यातली बरीच जुन्या साठ्यातून दिली, आणि साठा भरून काढायला अमेरिकन संसदेने पैसे मंजूर केले ते इथल्याच कारखान्यांना. जुनं द्यायचं आणि त्या निमित्ताने नवं घ्यायचं, हा व्यवहार आमच्या बोहारणीलाही कळेल. सप्टेंबर 2024 मध्ये झेलेन्स्की पेनसिल्व्हेनियातल्या स्क्रँटनला गेले, 155 मिलिमीटरचे तोफगोळे बनतात तिथे. कामगारांचे आभार मानले, गोळ्यावर सही केली. रशियाची ताकद खर्ची पडते, आपला सैनिक मरत नाही, वर स्क्रँटनला काम मिळतं, हे गणित वॉशिंग्टनमध्ये उघडपणे मांडलं गेलं. त्यात लपवाछपवी नाही.

मात्र किल्ली देणाऱ्याकडेच राहते. लांब पल्ल्याची क्षेपणास्त्रं रशियाच्या हद्दीत खोलवर डागायची परवानगी मिळायला नोव्हेंबर 2024 उजाडला. मार्च 2025 मध्ये मदत आणि गुप्त माहिती दोन्ही काही दिवस थांबली, आणि 30 एप्रिलला खनिजांच्या करारावर सह्या झाल्या.

म्हणून युक्रेनने मदत घ्यायला नको होती, असं मी म्हणणार नाही. परका घरात घुसलाय, तेव्हा माणूस मिळेल तो पाइप धरतो. बाजीरावाचं तसं नव्हतं. यशवंतरावांचा भाऊ विठोजी होळकर याला हत्तीच्या पायी देऊन भांडण त्यानेच पेटवलं होतं, आणि परत या, बोलू, असे यशवंतरावांचे निरोप येत होते. तो वसईला कलमं वाचत बसला.

दूध आलं वाटतं.