डबा कुठे ठेवायचा?

(गोव्यातील फोंडा तालुक्यातल्या एका वाचनालयात झालेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, मघाशी चहा घेताना तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी मला एकच प्रश्न विचारला, ‘कुठला राउटर घेऊ?’ त्याचं उत्तर देण्याआधी मला उलट विचारायचं आहे, की घर कशाचं आहे? चिऱ्याचं, मातीचं की स्लॅबचं? आणि राउटर आज कुठे टांगलाय? दुकानदार हे विचारत नाही, कारण त्याला डबा विकायचा असतो.

आपल्याकडच्या जुन्या घरांच्या भिंती दीड-दोन फूट जाड. मधे राजांगण, पुढे वसरी, मागे स्वयंपाकघर, त्यामागे न्हाणीघर. केबलवाला येतो, तार घरात शिरते तिथेच, म्हणजे वसरीच्या कोपऱ्यात मीटरशेजारी, राउटर लावतो आणि जातो. त्याचा दोष नाही, त्याला पुढची चार घरं करायची असतात. पण मग मागच्या खोलीत बसलेल्या मुलीच्या फोनपर्यंत पोचायला त्या लहरींना तीन-चार चिऱ्याच्या भिंती ओलांडाव्या लागतात.

चिरा सच्छिद्र दगड आहे, तो पाणी पितो. वायफायच्या लहरी पाण्यात शोषल्या जातात. गोव्यात वर्षाला साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर. तेव्हा एप्रिलमध्ये मागच्या खोलीत जेमतेम मिळणारी रेंज जुलैत गायब झाली, तर राउटर बिघडला असं लगेच समजू नका. भिंत भिजलेली असते. कुळागरातल्या, म्हणजे पोफळीच्या बागेतल्या, आउटहाउसपर्यंत हवेतून सिग्नल नेणाऱ्यांनाही हाच अनुभव येतो, कारण तिथे ओली पानं आडवी येतात.

राउटरवर सहसा दोन नावं दिसतात, एक २.४ गिगाहर्ट्झचं आणि एक ५ गिगाहर्ट्झचं. पहिल्याची लहर साधारण साडेबारा सेंटिमीटर लांब, दुसऱ्याची सहाच्या आसपास. ५ वेगवान आहे, पण भिंतीला भितो. राउटर आहे त्याच खोलीत टीव्ही असेल तर तो ५ वर घाला. मागच्या अंगणातला कॅमेरा, पंपाचं स्विच यांना वेग लागत नाही, ते २.४ वर राहू देत. पर्वरी किंवा म्हापशाच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांची अडचण निराळी असते. तिथे वीस शेजाऱ्यांचे वीस राउटर एकाच चॅनलवर, म्हणजे लहरींच्या एकाच वाटेवर, एकमेकांशी भांडतात. २.४ मध्ये एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच, १, ६ आणि ११. त्यातला ज्यावर गर्दी कमी तो निवडा, ३ किंवा ८ निवडून शहाणपणा करू नका.

आता अँटेना. उभ्या अँटेनाचा सिग्नल चहूकडे सारखा पसरत नाही, तो मेदूवड्याच्या आकाराचा असतो. बाजूला भरपूर, नेमका वर आणि खाली जवळजवळ नाही. म्हणून राउटरच्या अगदी डोक्यावर असलेल्या माडीवरच्या खोलीतही रेंज मिळत नाही. एक अँटेना आडवी करून पाहा, फुकटचा उपाय आहे. आणि राउटर लोखंडी कपाटावर, आरशामागे किंवा फ्रिजच्या बाजूला ठेवू नका.

‘सहा अँटेनांचा, लांब पल्ल्याचा घेतला तर?’ असं एका गृहस्थांनी विचारलंय. राउटर कितीही मोठ्यानं बोलला तरी फोनलाही उत्तर द्यायचं असतं. फोनची प्रक्षेपणशक्ती सहसा दशांश वॅटच्या आसपास किंवा त्याहून कमी. तुम्हाला पट्ट्या चार दिसतील आणि व्हिडिओ कॉल तरी अडकेल, कारण राउटरचं फोनला ऐकू येतं, फोनचं राउटरला नाही. तीन-चार हजार रुपये जास्त देऊन लोक हेच दुखणं विकत घेतात.

पट्ट्यांवर विश्वास ठेवूच नका. फोनवर सिग्नलचा आकडा दाखवणारं फुकट अ‍ॅप घाला आणि घरभर हिंडा. आकडा उणे असतो. उणे ६० म्हणजे उत्तम. उणे ६७ पर्यंत व्हिडिओ कॉल नीट चालतो. उणे ८० च्या पुढे व्हॉट्सअ‍ॅपचा संदेशसुद्धा गोल गोल फिरत राहतो. कागदावर घराचा कच्चा नकाशा काढा, प्रत्येक खोलीत आकडा लिहा. बहुतेक वेळा कळतं ते एवढंच, की राउटर घराच्या एका टोकाला आहे आणि माणसं दुसऱ्या टोकाला. मग केबलवाल्याला सांगा, फायबर अजून पंधरा मीटर आत आण. तो कुरकुरेल, पण आणेल.

तेवढ्यानं भागलं नाही की लोक रिपीटर, म्हणजे राउटरचा सिग्नल ऐकून पुढे पाठवणारा डबा, आणतात. आणि तो लावतात कुठे? जिथे रेंज नाही तिथे! ज्याला स्वतःलाच काही ऐकू येत नाही तो पुढे काय सांगणार? अर्ध्या वाटेवर लावला तरी साधा रिपीटर त्याच चॅनलवर ऐकतो आणि त्याच चॅनलवर बोलतो, त्यामुळे वेग साधारण निम्मा होतो. मेश, म्हणजे एकमेकांशी जोडून घरभर एकच वायफाय देणाऱ्या डब्यांचा संच, त्याहून बरी. पण मेशचे दोन डबे एकमेकांशी हवेतूनच बोलत असतील तर मधली भिंत तीच आणि तशीच राहते. माझा सल्ला जुनाट वाटेल, पण तो तारेचा आहे. राउटरपासून मागच्या खोलीपर्यंत कॅट-६ नावाची नेटवर्कची केबल ओढा, तिच्या टोकाला तारेतून आलेलं इंटरनेट वायफायनं पसरवणारा साधा अ‍ॅक्सेस पॉइंट लावा, नाव आणि पासवर्ड दोन्हीकडे तेच ठेवा. शंभर मीटरपर्यंत ही तार पूर्ण वेग देते आणि आपली घरं एवढी लांब नाहीत. भिंत फोडायची गरज नाही. माळ्यावरून, वाशांच्या कडेनं किंवा राजांगणाच्या पागोळीखालून पीव्हीसी पाइपमध्ये घाला. पाइप हवाच, माळ्यावर उंदीर असतात.

केबल घेताना एक गोष्ट बघा. बाजारात स्वस्त मिळते तिच्यात अ‍ॅल्युमिनियमवर नुसता तांब्याचा मुलामा असतो. ती वाकवली की तुटते, आणि तारेतूनच अ‍ॅक्सेस पॉइंटला वीज द्यायची असेल तर त्रास देते. शुद्ध तांब्याचीच मागा. आणि उघड्यावरून दुसऱ्या इमारतीकडे जायचं असेल तर तांबं नको, फायबर घाला. मे महिन्याच्या शेवटी आणि ऑक्टोबरच्या दुपारी आपल्याकडे जी वीज कडाडते, ती तांब्यातून दोन्ही टोकांची यंत्रं घेऊन जाते. फायबर काचेचं, त्यातून विद्युतप्रवाह येत नाही. फक्त ते घेताना आधाराला लोखंडी तार नसलेलं घ्या.

आता दुसरा विषय. आपल्या घरांत काय काय साठलंय बघा. लग्नाचे फोटो, जमिनीचे एक-चौदाचे उतारे, पोर्तुगीज काळातल्या खरेदीखतांचे स्कॅन, देवळातल्या भजनांच्या आणि उत्सवी नाटकांच्या कॅसेट. तासाभराची कॅसेट चांगल्या दर्जात संगणकावर घेतली तर सहाशे एमबीच्या वर जाते. दोनशे कॅसेटी म्हणजे सव्वाशे जीबीच्या आसपास. गूगल फोटोजची १ जून २०२१ पूर्वीची अमर्याद सवलतही आता नाही, १५ जीबी संपले की पैसे. म्हणून लोक घरात फायली साठवायला दोन डिस्कचा डबा आणतात, दुकानात त्याला नॅस म्हणतात. चांगली वस्तू आहे. तो राउटरला तारेनंच जोडा, वायफायवरून शेकडो जीबी हलवत बसू नका.

हा डबा ठेवायचा कुठे? बंद लाकडी कपाटात नको, तापतो. कौलांतून जिथे थेंब येतो तिथे नको, आणि जमिनीवर नको. आठवड्याला एकदा पुसा, उबदार जागा मुंग्यांनाही आवडते. वीज जाते-येते त्याचं काय, असं कुणीतरी विचारलं. घरात इन्व्हर्टर असेल तर तो यूपीएस मोडवर ठेवा, साध्या मोडमध्ये बदलायला वेळ लागतो आणि तेवढ्यात डबा बंद पडतो. त्याहून बरं म्हणजे नॅसला यूएसबीनं जोडता येणारा छोटा यूपीएस. बॅटरी संपत आली की तो डब्याला कळवतो आणि डबा स्वतःहून नीट बंद होतो.

आता जरा कान देऊन ऐका. दोन डिस्कवर एकच माहिती असते, म्हणजे बॅकअप झाला असं बहुतेक जण धरून चालतात. झालेला नाही. एक डिस्क मेली तर दुसरी काम चालू ठेवते, एवढीच ती सोय. नातवानं फोल्डर पुसला तर तो दोन्ही डिस्कवरून त्याच क्षणी पुसला जातो. जानेवारी २०२२ मध्ये डेडबोल्ट नावाच्या खंडणीखोर प्रोग्रॅमनं इंटरनेटला उघड्या असलेल्या, क्यूनॅप कंपनीच्या नॅसमधल्या फायली कुलूपबंद केल्या. तेव्हा डिस्क दोन होत्या की चार, यानं काही फरक पडला नाही. म्हणून राउटरमध्ये नॅससाठी पोर्ट, म्हणजे इंटरनेटवरून थेट आत येणारं दार, उघडू नका, बाहेरून लागलाच तर व्हीपीएन, म्हणजे घरापर्यंतची कुलूपबंद खासगी वाट, वापरा. आणि नॅसमधली स्नॅपशॉटची, म्हणजे फायलींची त्या-त्या वेळची अवस्था टिपून ठेवायची, सोय चालू करा, म्हणजे कालची, परवाची अवस्था परत आणता येते.

तरीही सगळं एकाच छपराखाली राहतं. पीटर क्रॉग या छायाचित्रकारानं रूढ केलेला ३-२-१ चा नियम इथे उपयोगी पडतो. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यांतली एक घराबाहेर. घराबाहेरची म्हणजे क्लाउड, असं सगळे म्हणतात. जरा हिशोब करू. अपलोडचा वेग ४० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला ५ एमबी. एक टीबीला लागतात दोन लाख सेकंद, म्हणजे पंचावन्न तास, तेही वीज न जाता. जमत असेल तर जरूर करा. मला आपल्याकडे दुसरा उपाय जास्त सोपा वाटतो. दोन पोर्टेबल डिस्क घ्या, दोन्हींना पासवर्ड घालून एन्क्रिप्ट करा. एक घरी नॅसची प्रत घेते, दुसरी मडगावला बहिणीकडे कपाटात. चवथीला, दिवाळीला, शिगम्याला ती येतेच. येताना तिच्याकडची आणायची, जाताना घरची ताजी घेऊन जायची. मधल्या काही महिन्यांत घातलेलं जे अगदीच महत्त्वाचं, तेवढं क्लाउडवर. ते पाच-दहा जीबीच्या वर सहसा जात नाही.

प्रत घेतली की ती उघडून बघा. दर वेळी कुठलाही एक फोटो, एक ध्वनिफीत, एक स्कॅन दुसऱ्या संगणकावर उघडा. डिस्कचा हिरवा दिवा लागतो म्हणून आतलं शाबूत आहे असं होत नाही.

शेवटचा प्रश्न एका ताईंनी चिठ्ठीवर पाठवलाय, ‘हे सगळं आमचे हे बघतात, मला पासवर्ड माहीत नाही.’ ताई, आज घरी गेल्यावर त्यांच्याकडून लिहून घ्या. नॅसचा, राउटरचा आणि दोन्ही डिस्कचा. कागदावर, बॉलपेननं. शाईपेननं नको, पावसाळ्यात पसरतं. उताऱ्यांची फाइल जिथे असते तिथेच तो कागद ठेवा.